पिवळीचे गिअर

मी पिवळी बोलतेय. आडनाव सायकल. कंपनीनं मला एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. माझ्या दांड्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं. पण त्यातली अर्धी अक्षरं खरवडून गेली आणि उरलेल्या अर्ध्यांचा काही अर्थ लागेना. त्यामुळे नुसती पिवळी.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे माझ्यासारख्या पुष्कळजणी हुकांना लटकून, एकीमागे एक, रंग घ्यायला जात होत्या. माझी पाळी आली तेव्हा रंग फवारणाऱ्याला शिंक आली. म्हणून सीटखालच्या नळीवर माझा रंग एका ठिकाणी जाड बसलाय, पुळी आल्यासारखा. बाकी मी देखणी होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. जाड टायर, रुंद हँडल, आणि मागे गिअरचा असा काही थाट की दुकानात येणारं प्रत्येक माणूस एकदा तरी अंगठ्यानं कट-कट करून बघायचंच. घ्यायचं कुणी नाही. कट-कट मात्र सगळ्यांना हवी.

मला घेतलं ते छोटीनं. छोटी हे तिचं घरातलं नाव. प्रत्यक्षात ती इतकी उंच आहे की दुकानाच्या दारातून आत येताना तिनं मान वाकवली. ती माझ्यावर बसली, दुकानासमोरच्या गल्लीत एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाली, "हीच." दुकानदार आणखी चार सायकली दाखवायला निघाला होता. ती म्हणाली, "नको काका, आमचं ठरलं." 'आमचं' म्हणाली. तेव्हापासून मी तिची.

छोटीच्या घरची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे धुलाई, माडीवर घर. काउंटरवर आई बसते. कानामागे पेन, समोर कपड्यांना लावायच्या नंबरांच्या चिठ्ठ्या, आणि नजर अशी की गिऱ्हाईक आत यायच्या आधीच तिला कळतं, याच्या पिशवीत शर्ट आहेत की पडदे. दादा, म्हणजे छोटीचा मोठा भाऊ, इस्त्री करतो. तो फार कमी बोलतो. त्याच्या वाटचं इस्त्रीच 'फुस्स' करून बोलते. आणि छोटी माझ्या कॅरिअरला खोकं बांधून घरोघरी कपडे पोचवते. डोंगरासाठी जन्मलेली मी, पांढरेशुभ्र शर्ट घेऊन गुळगुळीत रस्त्यांवरून फिरत होते. एखादं डबकं दिसलं की छोटी मला चार हात लांबून न्यायची. कपड्यांना एक शिंतोडा उडाला तरी आईला तो दिसायचाच.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनी बुटकी, गोल, आणि कामाला वाघीण. आल्या आल्या तिनं डाग काढायचं काम अंगावर घेतलं. शाई, गंज, तेल, गवत. कुठलाही डाग असो, ती आधी नाकाजवळ नेऊन वास घ्यायची, मग बोटानं चोळून बघायची आणि मग हसायची. ती हसली की डाग गेलाच म्हणून समजा. छोटीची आणि तिची पहिल्या आठवड्यातच गट्टी जमली. दोघी मागच्या पायरीवर बसून चहा प्यायच्या, गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. लग्नाआधी कॉलेजात असताना वहिनी चिखलातल्या शर्यतींत सायकल चालवायची, तीही बिनगिअरची, हे मी त्या पायरीवरच ऐकलं. ऐकून मला तिची जरा कीवच आली. गिअर नाहीत? बिचारी सायकल!

माणसानं आणि सायकलीनं कुणाची कीव करताना जपून करावी.

झालं असं. छोटी मैत्रिणीच्या लग्नाला परगावी गेली होती. त्या दिवसांत कपडे पोचवायला वहिनी मला घेऊन निघाली. एका कोपऱ्यावर एक कुत्रं आडवं आलं, वहिनीनं मला वळवलं आणि माझा मागचा गिअर फुटपाथच्या कडेवर असा आपटला की वाकून थेट चाकाच्या तारांत घुसला. घरी येऊन वहिनीनं मला उलटं केलं, वास घेतला (सवय!), बोटानं चाचपलं आणि हसली. संध्याकाळपर्यंत माझा सगळा थाट उतरला होता. मागची दातेरी चक्रांची चळत, वाकलेला गिअर, तारा, हँडलवरचे खटके, सगळं काढून तिनं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरलं. मागे एकच चक्र ठेवलं, पुढे एकच. चेन कापून आखूड केली, मागचं चाक त्याच्या खाचेत मागे ओढून ताणली आणि दोन्ही बाजूंचे नट आवळले.

मला आधी अगदी उघडं-उघडं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी रस्त्यावर निघाले तर कसली खडखड नाही, कुरकुर नाही. पॅडल मारलं की पुढे, नाही मारलं की नाही. इतकं साधं जगता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

छोटी परत आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिची नजर माझ्यावर पडली.

"माझ्या सायकलचे गिअर कुठे आहेत?"

"डब्यात," वहिनी म्हणाली. "अगं, मोडला होता मागचा. मी म्हटलं—"

"मला विचारलंस?"

"तू लग्नात होतीस."

"लग्नात फोन चालतात, वहिनी."

हे खरं होतं. वहिनी 'चुकलं' म्हणणारच होती, मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण छोटी थांबली नाही. "या घरात आल्यापासून सगळंच आपलं समजायला लागलीयेस तू!"

वहिनीच्या हातात ओला टॉवेल होता. तो तिनं हळूच बादलीत ठेवला. "म्हणजे हे घर माझं नाही?"

छोटी बॅग घेऊन तशीच माडीवर निघून गेली.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींना 'अहो' म्हणू लागल्या. माणसांची ही गंमत मला अजून उलगडलेली नाही. प्रेम असलं की 'ए', 'अगं', 'मूर्ख' असं काहीही चालतं. राग आला की एकदम मानपान. "अहो वहिनी, चादरी झाल्या का?" "हो ताई, झाल्या. आपण घेऊन जा." आपण! इतका आदर त्या घरात पाहुण्यालासुद्धा कधी मिळाला नव्हता. मागची पायरी ओस पडली. दादाला दोघींनी आपापल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला, तर तो म्हणाला, "मला यात घेऊ नका, इस्त्री तापलीये." आणि इस्त्री खरंच तापलेली होती.

मग एक दिवस छोटीनं काउंटरवर येऊन आईला सांगितलं की गावाच्या दुसऱ्या टोकाला एका हॉटेलात तिला काम मिळतंय, त्यांच्या धुलाई विभागात. तिथंच जवळ एक खोलीही बघितलीये. महिनाअखेरीस ती जाणार.

आई चिठ्ठ्या लावत होती. तिनं मान वर केली नाही. "आणि पिवळी?"

"माझी सायकल आहे. मी नेणार."

"बरं," आई म्हणाली. एवढंच. पण नंतर तिनं एकच नंबर दोन शर्टांना लावला. असं तिच्या हातून मी कधी पाहिलं नव्हतं.

आता यात जिमवाले कसे आले ते सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन भावांची जिम आहे. दंड असे की शर्टाच्या बाह्या नेहमी उसवलेल्या. त्यांचे टॉवेल आमच्याकडे येतात. ते टॉवेल घ्यायला आले आणि आईला म्हणाले, "मावशी, रविवारी टेकडीवर चिखलातली सायकल शर्यत आहे. जोडीची. एक सायकल, दोन माणसं, आळीपाळीनं फेऱ्या. आम्ही नवीन सायकल घेतलीये, बारा गिअरची. बघायला या."

आईनं टॉवेल मोजून दिले, पेन कानामागे खोचलं आणि त्याच संध्याकाळी जाऊन दोघींची नावं देऊन आली. जोडी म्हणून.

"आई!" दोघी एकदम ओरडल्या. बऱ्याच दिवसांनी दोघींच्या तोंडून एकच शब्द निघाला होता.

"ओरडू नका, गिऱ्हाईक आहे," आई म्हणाली. "एवढी शर्यत करा. त्यानंतर ज्याला जिथे जायचं तिथे जाऊ दे, मी अडवणार नाही. सायकल एकच आहे, भांडणही एकच आहे. एकदाच काय तो निकाल लागू दे."

मग माझे हाल सुरू झाले. सराव दोघींनी वेगवेगळा केला. सकाळी छोटी यायची आणि माझी सीट वर ओढायची. संध्याकाळी वहिनी यायची आणि खाली दाबायची. सकाळी जिराफ, संध्याकाळी बदक. दोघींपैकी एकीनं एकदा मागचं चाक काढून साफ केलं आणि परत बसवताना डावीकडचा नट नीट आवळला नाही. कुणी, ते मला माहीत आहे. सांगणार नाही. मला त्या घरात राहायचंय.

रविवार उजाडला. आठवडाभर पाऊस पडून गेला होता आणि टेकडी अशी झाली होती की पाय ठेवला की ती तो आधी आपल्याजवळ ठेवून घ्यायची, मग विचार करून परत द्यायची. चार फेऱ्या होत्या, दोघींना दोन-दोन. नियम एकच कडक: जोडीतल्या दोघांशिवाय सायकलला कुणी हात लावायचा नाही. सुरुवातीच्या रेषेवर सगळ्या सायकली चकचकीत. माझ्या मागच्या चाकाकडे बघून एकजण म्हणाला, "गिअर घरी विसरलात का?"

वहिनी गोड हसली. डाग बघून हसते ना, तसं.

पहिली फेरी तिची. काय सांगू तुम्हाला! ती माझ्यावर बसलीच नाही, उभ्यानंच चालवत राहिली. चढ आला की बाकीचे कट-कट, कट-कट करत गिअर शोधायचे. आम्हाला शोधायला काही नव्हतंच. जमेल तिथवर जोर, नाही जमलं की टुणकन उतरायचं आणि मला ढकलत पळायचं. झाडीतल्या मुळांवरून मी उड्या मारत होते. माझ्या पोटाला, कानाकोपऱ्यात, जिथे रंग पोचला नव्हता तिथेही चिखल पोचला. शुभ्र शर्ट वाहिलेल्या मला त्या दिवशी कळलं की मी कशासाठी जन्मले होते.

बदलीच्या जागी छोटी उभी होती. आता सीट वर करायची होती. पण खटका चिखलानं बुळबुळीत झालेला.

"अहो, सीट!" छोटी ओरडली.

"ओढतेय ना मी!"

"अहो, उलटं ओढताय!"

"मग तुम्हीच ओढा!"

सीट हलली नाही. छोटी तशीच बसली आणि निघाली. गुडघे पार कानापर्यंत. लोक हसत होते आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आवरत नव्हतं. पुढचा ब्रेक किरकिरत होता तो त्यामुळेच. चढ आला आणि छोटीचा अंगठा सवयीनं हँडलवर खटका शोधू लागला. तिथे नुसती नळी. तरी दाबतेय, दाबतेय. शेवटी तोल गेला आणि आम्ही दोघी आडव्या. ती उठली, अंगठ्याकडे रागानं बघितलं आणि मला ढकलत वर पळाली. उंच माणसाच्या ढांगा मोठ्या असतात. पळण्यात आम्ही चारजणांना मागे टाकलं.

तिसऱ्या फेरीला वहिनी परत आली तोवर टेकडीवर सायकलींची दैना उडाली होती. कुणाच्या गिअरमध्ये गवताचा बोळा, कुणाची चेन तुटलेली. जिमवाल्यांच्या नव्या सायकलचा मागचा गिअर मोडून चाकात अडकला होता. मला त्या सायकलबद्दल मनापासून वाईट वाटलं, कारण मी त्यातून गेलेली आहे. पण ते दोघे गडी डगमगले नाहीत. धाकट्यानं सायकल खांद्यावर टाकली आणि पळायला लागला.

चौथी फेरी छोटीची. या वेळी तिनं उभ्यानं चालवायला सुरुवात केली, वहिनीसारखी. मध्येच तिच्या तोंडून "अरे वा" असंही निघालं. आम्ही झाडीतून खाली उतरत होतो, वेग छान होता, आणि एका मोठ्या मुळावर मी आपटले. तो डावीकडचा नट आठवतो ना? चाक पुढे सरकलं, चेन सैल पडली आणि खळकन खाली आली. खाली खोलगट जागेत चिखलाचं डबकं होतं. आम्ही त्यात.

छोटीनं चेन परत चढवली. ती पडली. पुन्हा चढवली, पुन्हा पडली. चाक मागे कसं ताणायचं, कशानं आवळायचं, तिला काही कळेना. शेवटी ती चेन हातात घेऊन तिथेच, डबक्याच्या काठावर बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं. चिखलामुळे ते कुणाला दिसलं नसतं, पण माझं हँडल तिच्या मांडीवर होतं.

पुढे गेलेल्या कुणीतरी खाली सांगितलं असावं, "तुमची पिवळी पडलीये." कारण थोड्याच वेळात वाटेवरून फटक-फटक आवाज आला. वहिनी धावत येत होती. एकाच पायात बूट. दुसरा टेकडीनं ठेवून घेतला होता.

"लागलं का?" तिनं सगळ्यात आधी विचारलं.

"नाही. चेन."

वहिनीनं मोज्यातून पाना काढला. "तुम्ही चाक मागे ओढून धरा. मी आवळते."

"ओढलंय."

"सरळ धरा हो, वाकडं जातंय."

"सरळच आहे. तुम्ही आवळा ना!"

"अहो, वाकडं आहे!"

"अहो, नाहीये!"

"अगं ओढ ना नीट, गाढवे!"

दोघींचे हात जागच्या जागी थांबले.

"गाढव म्हणालीस मला?" छोटीनं विचारलं.

"म्हणाले."

"बरं वाटलं," छोटी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिनं चाक इतकं जोरात मागे ओढलं की चेन तारेसारखी ताठ झाली. वहिनीनं एक नट आवळला, मग दुसरा.

नट आवळतानाच ती म्हणाली, "मी फोन करायला हवा होता गं. गिअर काढायच्या आधी."

"हो, हवा होता," छोटी म्हणाली. थोडा वेळ ती चेनवरची माती पुसत राहिली. "आणि मी ते घराचं बोलायला नको होतं. बोलले तेव्हाच जीभ चावली होती. पण तू इतक्या हळू तो टॉवेल ठेवलास ना, की मला पुढे बोलताच येईना."

"रात्रभर झोपले नव्हते मी."

"मीही."

तेवढ्यात वरून जिमवाले आले, सायकल खांद्यावर, धापा टाकत. मोठा ओरडला, "काय हो, सहलीला बसलात आणि जेवणाचा डबा राहिला का?" आणि दोघे पुढे पळाले.

"पळ!" वहिनी किंचाळली.

छोटी माझ्यावर चढली. शेवटच्या चढाला ती उतरून ढकलत होती आणि वहिनी, एका बुटानिशी, मागून माझं कॅरिअर ढकलत होती. वरती उभ्या असलेल्या पंचानं शिट्टी तोंडाशी नेली, नियम आठवून बघितला. जोडीतल्या दोघांनीच हात लावायचा, आणि इथे दोघींचेच हात होते. त्यानं शिट्टी खाली केली. उतारावर मात्र खांद्यावरची सायकल काही कामाची नसते. आम्ही जिमवाल्यांच्या शेजारून गेलो तेव्हा छोटीनं त्यांना विचारलं, "सोडू का कुठे?"

आमचा नंबर शेवटून पाचवा आला. बक्षीस नाही, काही नाही. रेषेपलीकडे दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि घसरून परत खाली बसल्या. आई छत्री घेऊन उभी होती. तिनं दोघींना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग मला बघितलं.

"हे कपडे कोण धुणार आहे?" तिनं विचारलं.

पण तिनं छत्री मिटून टाकली, पाऊस असतानाही.

संध्याकाळी मागच्या अंगणात मला धुतलं. बादलीनं, हळुवार, कारण पाण्याचा जोरदार फवारा मारला असता तर माझ्या सांध्यांत पाणी शिरलं असतं हे वहिनीला माहीत आहे. छोटी माझी चेन पुसत होती.

"महिनाअखेर जवळ आली," वहिनी सहज बोलल्यासारखं म्हणाली. तिचं सगळं लक्ष माझ्या चाकात होतं. चाक पूर्ण स्वच्छ होतं.

"हं. ती खोली बघितली मी परत," छोटी म्हणाली. "चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. चिखलाची सायकल कोण चढवणार वर?"

"नाहीच चढवता येणार," वहिनी घाईघाईनं म्हणाली.

"शिवाय खोलीला पायरीच नाही बसायला."

आत दादाची इस्त्री 'फुस्स' झाली. मग, अगदी क्वचित घडतं ते घडलं. दादा स्वतःहून बाहेर आला, चौघांचा चहा घेऊन, आणि म्हणाला, "गिअरचा डबा माळ्यावर टाकू का?" छोटी म्हणाली, "टाक."

आता माझं बरं चाललंय. आठवडाभर मी शर्ट पोचवते, सुट्टीच्या दिवशी टेकडीवर जाते. जिमवाल्यांनी त्यांच्याही सायकलचे गिअर काढून टाकले आणि ते दर आठवड्याला वहिनीकडे काहीतरी विचारायला येतात. वय झालंय माझं, पुढच्या ब्रेकचा आवाज वाढलाय, पण तक्रार नाही.

फक्त एक नवीन प्रकार सुरू झालाय. गेल्या महिन्यात आई काउंटरवरून उठली आणि म्हणाली, "बसून बसून गुडघे धरलेत. डॉक्टर म्हणतात चालत जा. मी म्हटलं, चालण्यापेक्षा बसून गेलेलं बरं. मला सायकल शिकवा." आम्हाला वाटलं, चेष्टा करतेय. ती पेन काउंटरवर ठेवून आली होती. आई पेन ठेवते म्हणजे चेष्टा नसते.

तेव्हा वाचकहो, तुम्हाला माझी एकच विनंती आहे. सकाळी लवकर एखाद्या रस्त्यावर तुम्हाला एक पिवळी सायकल येताना दिसेल. वर ताठ बसलेल्या एक बाई असतील. एका बाजूनं एक उंच मुलगी "आई, समोर बघ!" असं ओरडत पळत असेल, दुसऱ्या बाजूनं एक बुटकी "आई, खाली बघू नका!" असं ओरडत. तर कृपा करून हसत उभे राहू नका, बाजूला व्हा. सध्या आम्ही फक्त सरळ जातो. वळायचं पुढच्या आठवड्यात शिकणार आहोत.